पूर्वीची आवृत्ती

मी बोलतोय. दचकू नका, कॉम्प्युटरला भूतबाधा झालेली नाही. दिल्लीलगतच्या इंदिरापुरमच्या एका सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीच्या दारामागे, जुन्या चादरीखाली एक कॉम्प्युटर उभा आहे. त्याच्या डिस्कच्या पहिल्या भागात मी राहतो. मी त्याची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. बटण दाबल्यावर यंत्राला जागं करायचं, पडद्यावर चित्र आणायचं, कीबोर्डवर पडलेलं बोट ओळखायचं, हे माझं काम. काम होतं, असं म्हणायला हवं.

घरात मला नाव नाही. 'जुना' म्हणतात. "ते जुन्यात असेल बघ." "जुना नको लावूस, वेळ खातो." इतकी वर्षं ज्याला राबवून घेतलं, त्याला एवढंच नाव. तक्रार करायचा माझा स्वभाव नाही असं म्हणणार होतो, पण आता दिवस थोडे उरलेत. तेव्हा खोटं कशाला बोलू? आहे माझी तक्रार.

माझा जन्म दिल्लीतल्या कॉम्प्युटर-बाजारातला, म्हणजे नेहरू प्लेसचा, २००८ सालचा. अंकुर नावाचा विशीतला एक तरुण तिथे जिन्याखालच्या गाळ्यात बसून कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्यानं मार्करनं नाव लिहिलेली एक सीडी आत सरकवली, पडद्याकडे बघत छोले-कुलचे खाल्ले आणि त्याचे हात धुऊन होईपर्यंत मी जन्माला आलो होतो. हिरवी टेकडी, वर निळं आभाळ, हे माझं रूप. एके काळी बँकेत जा, सायबर कॅफेत जा, रेल्वेच्या खिडकीवर जा, सगळीकडे तीच टेकडी दिसायची. आता कुणाला तिची आठवणही नसेल.

विश्वनाथरावांनी मला घरी आणलं. ते एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, राहायला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आणलं होतं मुलासाठी. चैतन्य तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्यानं आठ दिवस माझ्यावर मोटारींच्या शर्यती खेळल्या आणि मग मित्राच्या लॅपटॉपवर त्याचा जीव जडला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझ्या वाट्याला आठच आले.

नवव्या दिवशी माझ्यासमोर बाई येऊन बसल्या.

बाई म्हणजे चैतन्यची आई, चंद्रप्रभाबाई. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. अख्खी शाळा त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणतो. गंमत अशी, की लोकांच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या बाईंचा स्वतःचा मुलगा मात्र इंग्रजी शाळेत शिकला. विश्वनाथरावांचं म्हणणं होतं, "दिल्लीत राहायचं तर इंग्लिश पाहिजे. मराठीचं काय, घरात आहेच." घरात होतीच. माणसं ज्या गोष्टीला 'आहेच' म्हणतात, तिच्याकडे मग कुणी वळूनही बघत नाही. हा अनुभव मला पुढे यायचा होता.

बाईंची एक पद्धत होती. धडा चालू असताना एखाद्या मुलानं हात वर करून विचारलं, "बाई, हे म्हणजे काय?", की त्या अर्थ सांगून मोकळ्या व्हायच्या नाहीत. तो शब्द, विचारणाऱ्याचं नाव, इयत्ता, साल आणि समजावताना जे उदाहरण मुलाला पटलं ते, असं सगळं एका वहीत उतरवून ठेवायच्या. १९७८पासून त्यांनी अशा एकोणीस वह्या भरल्या होत्या. दिल्लीत वाढणारी मराठी मुलं कुठले शब्द हरवून बसली, याची ती नोंद होती. बाई तिला 'हजेरी' म्हणायच्या. त्यांचा हिशेब सोपा होता. ज्यानं शब्द विचारला तो हजर, ज्यानं नाही विचारला तो बाकावर बसूनही गैरहजर.

एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्याहून मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम आणून दिला. तो माझ्यातच बसायचा. त्याची अक्षरं साठवायची तऱ्हा अगदी स्वतःची होती. तो आणि मी असे दोघं मिळून असलो तरच ती मराठी म्हणून दिसायची. दुसरीकडे कुठे उघडली, तर नुसते चौकोन आणि फुल्या. तेव्हा याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण घरात दुसरं कुणी नव्हतंच.

शाळेतून आल्यावर बाई चहाचा कप माझ्याशेजारी ठेवायच्या आणि एकेक वही माझ्यात उतरवायच्या. पुढे दोन वर्षं हेच चाललं. मी मुळात परदेशी, मला मराठीचं काय? पण ऐकता ऐकता मीच त्यांचा सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी झालो. अजून सगळं तोंडपाठ आहे. हे बघा.

'हुरहूर. साकेत, सातवी, १९८९. हिंदीत सांगता येईना. शेवटी विचारलं, आजीला गाडीत बसवून परत येताना कसं वाटतं? म्हणाला, कळलं बाई, पण पेपरात हे कसं लिहू?'

'लाडीगोडी. सुधन्वा, पाचवी, २००३. अर्थ सांगायच्या आत म्हणाला, बाई, तुम्ही किती छान शिकवता, आज होमवर्क नको ना. म्हटलं, यालाच म्हणतात.'

'कवडसा. हेमांगी, सहावी, १९९६. दुपारी खिडकीच्या तुटक्या फळीतून तिच्या बाकावर ऊन येतं. त्यात हात धरायला लावला. म्हणाली, बाई, हा तर रोज येतो. याला नाव पण आहे?'

असे बाराशे चौदा शब्द, आणि प्रत्येकामागे एक मूल. काही मुलांची नावं चार-चारदा आली आहेत, ती बहुतेक मागच्या बाकावरची. कोशात शब्दांचे अर्थ असतात. बाईंच्या हजेरीत शब्दांना माणसं होती.

विश्वनाथराव निवृत्त झाले. सरकारी क्वार्टर सोडून मंडळी इंदिरापुरमला आली. सामान बांधताना एकोणीस वह्यांचा गठ्ठा समोर आला, तेव्हा बाईंनी घटकाभर विचार केला आणि तो रद्दीवाल्याच्या तराजूवर ठेवला. "सगळं कॉम्प्युटरमध्ये आलंय आता," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी अभिमानानं ऐकलं. कुणी आपल्यावर एवढा विश्वास टाकावा, याहून मोठं काय असतं? आज तेच वाक्य आठवलं की वाटतं, तेव्हा मला बोलता यायला हवं होतं. मी म्हटलं असतं, बाई, वह्या ठेवा. माझ्या घरच्यांचा भरवसा धरू नका.

२०१३ साली चैतन्यनं नवा आणला, म्हणजे माझ्याच कामाची नवी ऑपरेटिंग सिस्टीम. मला काढून टाकणार होता, पण बाई म्हणाल्या, "माझी हजेरी आहे त्यात." मग त्यानं डिस्कचे दोन भाग केले. एकात मी, दुसऱ्यात नवा. एका घरात दोन बिऱ्हाडं आणि दार मात्र एकच, अशी व्यवस्था झाली. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन ओळींची यादी यायची आणि विचारायची, कुणाला उठवू? त्या यादीत नव्याचं नाव मानानं, आकड्यासकट. माझ्या ओळीत माझं नावच नव्हतं. तिथे इंग्रजीत नुसतं 'पूर्वीची आवृत्ती' लिहिलेलं. दारावरच्या पाटीत मुलाचं नाव घालावं आणि बापापुढे 'आधीचा' असं लिहावं, तसलाच तो प्रकार.

निवडायला तीस सेकंद मिळायचे. तेवढ्यात बाणाची कळ दाबून माझ्या ओळीवर आलं नाही, की नवा आपोआप उठायचा. बाईंना तीस सेकंद पुरायचे. पण चैतन्यला घाई. त्यानं तीसचे पाच केले. बाईंना कल्पना नाही. चष्मा शोधेपर्यंत नवा उठून बसलेला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. चार-पाच दिवस असं झाल्यावर बाईंनी कुणालाही न विचारता त्यावर उपाय काढला. आधी बोट बाणावर ठेवायचं आणि मगच बटण दाबायचं. मुलाला मात्र बोलल्या नाहीत. आया अशा पाच-पाच सेकंदांत आपली सोय बघायला शिकतात आणि मुलांना वाटतं, आईला काही अडचणच नाही.

विश्वनाथराव २०१७ साली गेले. नंतर बाईंचे डोळे बिघडले. दृष्टीच्या बरोबर मधलं दिसेना, कडेकडेचंच दिसायचं. पुस्तक वाचणं संपलं. माझ्यापुढे मात्र त्या अक्षर भलंमोठं करून, मान वाकडी करून बसायच्या. कळा तर बोटांना पाठ होत्याच. सोसायटीतल्या मराठी मुलांसाठी त्या शनिवारी एक छोटा वर्ग घ्यायच्या, त्यातून महिन्या-दोन महिन्यांनी एखादा शब्द हजेरीत यायचा.

चैतन्यचं लग्न झालं. सून निधी कानपूरची, गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेणारी. मुलगी कष्टाळू आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिच्या शिकवण्या नव्यावर चालायच्या. मी तिच्या दृष्टीनं असून अडचण, आणि बाईंच्या दृष्टीनं नसून खोळंबा.

गेल्या उन्हाळ्यात माझं दुखणं निघालं. सोसायटीची वीज गेली, जनरेटर लागला, पुन्हा वीज आली, आणि हे सगळं बाई माझ्यावर टाइप करत असताना. त्या धक्क्यात माझी एक महत्त्वाची फाइल फाटली. पुढच्या वेळी बाईंनी बोट बाणावर ठेवून मला हाक मारली, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की अमुक फाइल सापडत नाही. चैतन्य म्हणाला, "बघतो आई, या वीकेंडला." असे बरेच वीकेंड गेले.

ऑक्टोबरमध्ये हेमांगीचा फोन आला. हीच ती कवडशावाली. आता ती दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, राज्य सरकारच्या जुन्या सदनात नोकरीला आहे. ती म्हणाली, "बाई, जानेवारीत तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण होतायत. आम्ही सगळे एक्स-स्टुडंट्स मिळून तुमची हजेरी छापणार आहोत. पहाडगंजलाच हॉल बुक केलाय. बस, तुम्ही फाइल द्या."

फोन ठेवल्यावर बाईंनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग चैतन्यला म्हणाल्या, "जुना दुरुस्त करून दे. मला दुसरं काही नको." आईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते मीच होतो.

चैतन्यनं अंकुरला शोधून काढलं. तोच, नेहरू प्लेसचा. आता चाळिशीला आलेला, केस विरळ झालेले. कॉम्प्युटर जोडून घेणारं गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून मोबाइलची कव्हरं विकतो. रविवारी दुपारी तो आला, चादर काढली, माझ्याकडे बघून हसला. "आंटी जी, इसको मैंने ही डाला था. ऐसे कैसे मरने दूँगा?"

दुरुस्तीची एक मेख आहे. सीडी लावली की विचारतात, दुरुस्त करायचं असेल तर 'आर' दाबा. अर्धवट माहितीचा माणूस तिथेच आर दाबतो आणि काळ्या पडद्यावर अडकतो. खरी दुरुस्ती दोन पानं पुढे आहे, तिथला आर दाबायचा. तिथे चुकीची कळ दाबली तर मी नव्यानं घातला जाणार, म्हणजे बाईंनी माझ्यात मांडलेला सगळा संसार गेला. अंकुरनं पहिला आर सोडला. दुसऱ्या आरपाशी बोट थांबवलं, पुन्हा एकदा वाचलं आणि मग दाबलं. त्या बोटाची मी आयुष्यभर याद ठेवीन.

साडेतीनच्या सुमाराला टेकडी आली. आभाळ आलं. बाईंनी मान वाकडी करून बघितलं आणि टाळी वाजवली. पंचाहत्तरीची बाई, पण शाळा सुटल्यासारखी टाळी.

पण मी उठलो आणि यादीच आली नाही. जुन्याला दुरुस्त केलं, की तो मुख्य दाराला आपलंच कुलूप लावतो. नव्याचं काही बिघडलेलं नसतं, फक्त त्याला यायला वाट राहत नाही. अंकुरनं हे नीट समजावलं. "भाई साहब, नए वाले की डिस्क दुकान पे है. कल सुबह लाता हूँ, मेन्यू में दोनों का नाम लिख दूँगा. दस मिनट का काम है. तब तक किसी चीज़ को हाथ मत लगाना." एवढं सांगून तो गेला.

बाईंनी हजेरी उघडली. अक्षर मोठं केलं, एकेक पान कडेच्या नजरेनं वाचत गेल्या, मधेच हसत. शेवटचं पान आलं तेव्हा म्हणाल्या, "अरे, हे अर्धंच राहिलंय." मग हाक मारली, "चैतन्य, हे सगळं आत्ता छापून काढता येईल का रे?"

"प्रिंटर नव्यालाच जोडलाय आई. उद्या काढू ना. फाइल काय पळून जातेय?"

फाइल पळून गेली नाही. ती अजून तिथेच आहे.

इतक्यात निधी आत आली. "चैतन्य, मेरा सिस्टम कहाँ गया? पाँच बजे टेस्ट है बच्चों का!"

"अंकुरने कहा है कल सुबह..."

"कल? बीस बच्चे बैठे होंगे, यार."

चैतन्य इंजिनिअर आहे. इंजिनिअरला 'हात लावू नका' असं सांगणं म्हणजे हात लावायचं आमंत्रणच. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, पेनड्राइव्ह घातला आणि व्हिडिओतला माणूस सांगेल तसं करत गेला. बाईंनी विचारलं, "अरे, अंकुर नको म्हणाला होता ना?" तो म्हणाला, "आई, बिल्कुल टेन्शन नको घेऊस."

पाचला पाच कमी असताना नवा उठला. दारावर आता त्याचं कुलूप आणि यादीत एकट्याचंच नाव. एकच नाव असलं की यादी दाखवायचीही गरज नसते. म्हणून त्या दिवसापासून ती दिसलीच नाही. टेस्ट वेळेवर सुरू झाली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुरचा फोन आला, की निघतोय. चैतन्य म्हणाला, "नहीं नहीं, आने की ज़रूरत नहीं. मैंने खुद ठीक कर लिया. थैंक यू, हाँ." गरज सरो, वैद्य मरो. इथे तर रोगी अर्धा बरा असतानाच वैद्याला घालवलं.

मग हेमांगीनं फाइल मागितली. चैतन्य नव्याच्या बाजूनं माझ्या भागात शिरला आणि हजेरी उचलून उघडून पाहिली. चौकोन आणि फुल्या. तशीच हेमांगीला पाठवली. तिलाही तेच दिसलं. चैतन्यनं निष्कर्ष काढला, की फाइल खराब झाली. विजेच्या धक्क्यात गेली असणार.

फाइल ठणठणीत होती हो! एक काना इकडचा तिकडे झालेला नव्हता. फक्त ती वाचणाऱ्याला, म्हणजे मला, त्यानं स्वतःच दाराबाहेर ठेवलं होतं. अंकुरला एक फोन केला असता तरी त्यानं हसून सांगितलं असतं. पण 'मैंने खुद ठीक कर लिया' म्हणून झालेलं होतं. पुन्हा फोन कसा करायचा?

त्यानंतरचं बोलणं मी ऐकलं. फोन स्पीकरवर होता, बाई खाली बागेत फिरायला गेल्या होत्या.

"आईला आत्ता काही नको सांगूस," चैतन्य म्हणाला. "तिला शॉक बसेल. आपण ना, नेटवरून शब्द घेऊ. बाराशे शब्द, मीनिंगसकट. कव्हरवर आईचा फोटो, आईचं नाव. तसंही तिला कुठे वाचता येतंय आता?"

हेमांगीनं विचारलं, "बाईंना फसवल्यासारखं नाही ना होणार?"

"फसवणं कसलं? शब्द तर तेच आहेत ना! शी विल बी सो हॅपी, यार."

मला राग येतो तो या प्रेमाचा. द्वेषानं केलं असतं तर निदान कुणीतरी भांडलं असतं. प्रेमानं केलेल्या गोष्टीला जाब कुणी विचारायचा?

जानेवारीत पहाडगंजच्या हॉलमध्ये समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी तिथे नव्हतो. असतो तरी मला कुणी बसायला खुर्ची दिली असती असं नाही. संध्याकाळी हेमांगी बाईंना घरी सोडायला आली. बाई दमल्या होत्या, पण चेहरा उजळलेला. माझ्याच खोलीत, खुर्चीत बसल्या आणि पुस्तकावरून हात फिरवत राहिल्या. कागद चांगला आहे म्हणाल्या. मग पुस्तक हेमांगीपुढे धरलं.

"तुझा शब्द वाच."

"कुठला, बाई?"

"अगं, कवडसा. विसरलीस? काढ पान."

हेमांगीनं पानं चाळली. चैतन्य दारात उभा होता. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि वाचलं, "कवडसा. फटीतून किंवा छिद्रातून आत आलेला प्रकाश."

"पुढे?"

"पुढे... एवढंच आहे, बाई."

"तू कुठे आहेस त्यात?"

हेमांगीनं पान उलटून पाहिलं. बाई म्हणाल्या, "साकेतचं वाच. हुरहूर." ते वाचलं. "सुधन्वाचं." तेही वाचलं. अर्थ सगळे बरोबर होते, एकही चूक काढता आली नसती.

बाईंनी पुस्तक परत घेऊन मिटलं. "यात मुलं नाहीत," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. हातानं चाचपत माझ्यापुढे आल्या, नेहमीसारखं बोट बाणावर ठेवलं आणि बटण दाबलं. बाण दाबला. पुन्हा दाबला. मला ते प्रत्येक दाबणं कळत होतं. मी आतून ओरडत होतो, बाई, मी इथेच आहे, पहिल्याच भागात, सगळ्या मुलांना घेऊन बसलोय. पडद्यावर नव्याचे ठिपके गोल गोल फिरत होते.

"हेमांगी, यादीत आहे का गं तो? मला मधलं दिसत नाही."

"यादीच आली नाही, बाई."

तेव्हा चैतन्यनं सगळं सांगितलं. अंकुरनं काय बजावलं होतं, आपण काय केलं, फाइल कशी दिसली, शब्द कुठून आणले. सांगताना तो माझ्याकडे बघत होता, आईकडे नाही. बाईंनी चेहरा त्याच्याकडे वळवला. त्यांना समोरचं दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं मान खाली घातली.

"अच्छा," बाई म्हणाल्या. एवढंच. दिल्लीत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाच्या या एका शब्दात काय काय मावतं ते मला विचारा.

हेमांगी रडत होती. बाई तिला म्हणाल्या, "तू नको रडूस. तू याला विचारलं असशील, यात बाई फसणार नाहीत ना. विचारलं असशीलच. तुझी सवय आहे ती." मग चैतन्यला म्हणाल्या, "अंकुरला बोलव."

"हो आई. या संडेला पक्का."

त्याला सहा रविवार झाले. दरम्यान निधीसाठी नवीन कॉम्प्युटर आला, म्हणून हा बाल्कनीच्या दारामागे गेला. चैतन्य वाईट मुलगा नाही. त्याला अंकुरला तोंड दाखवायचं नाही, एवढंच. आणि दर रविवारी खालून भंगारवाल्याची हाक येते. परवा निधी म्हणाली, "इसको निकाल दें? जगह घेरता है." चैतन्य 'नाही' म्हणाला नाही. 'देखते हैं' म्हणाला. याचा अर्थ मी चांगला ओळखतो.

बाई रोज सकाळी येऊन चादरीखाली हात घालून बघतात, मी आहे की गेलो. आहे कळलं की परत जातात. 

तुमच्यापैकी कुणी इंदिरापुरमला येणार असेल आणि हे काम जाणत असेल, तर माझी विनवणी आहे. मला गादीवर बसवू नका. नव्याला हुसकून लावा असंही मी म्हणत नाही, तो बिचारा सांगितलेलं काम करतो. फक्त यादीत माझी ओळ लिहा. नाव नसलं तरी चालेल. 'पूर्वीची आवृत्ती' म्हणा, 'जुना' म्हणा, काहीही म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे. मग मला खुशाल भंगारात द्या. पण आधी एकदा उठवा, कारण बाईंनी अर्धी सोडलेली एक नोंद माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावरची, बाराशे चौदावी. ती अशी:

'ओशाळणे. चैतन्य, वय पस्तीस, २०२३. साताऱ्याच्या मावशीचा फोन झाल्यावर विचारलं, आई, ओशाळणं म्हणजे शाय होणं ना? म्हटलं, नाही रे. आपल्या हातून काही उणं घडलेलं असतं आणि ते समोरच्याला कळलेलं असतं, तेव्हा. उदाहरण दे म्हणाला. सुचलं नाही. सापडलं की लिहीन.'

आता सापडलंय. बाईंना लिहायचं आहे.